दोन सूत

पेटीवर राणीच्या देशाचा शिक्का,
आत थर्माकोलमध्ये निजलेली जाळी,
इतकी चकचकीत की रजाकनं आधी
तिच्यात पाहून भांग पाडून घेतला.
किमतीपेक्षा कस्टमचाच भरणा जास्त.
मे महिना. गड्डीगोदामात टीनाखाली
पाना उचलायलाही ओलं फडकं लागते.

गाडी एमजी, अठ्ठावनची. लाल होती म्हणतात.
आता प्रायमरमध्ये, राख फासल्यासारखी,
तोंड उघडं टाकून बसली आहे
आणि मी त्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून
न दिसणाऱ्या बोल्टवर न दिसणारा नट चढवते आहे.
वरून बसते. उजवीकडून बसते.
डावीकडे दोन सूत अडते.

"घासू का ताई?" रजाकच्या हातात कानस तयार.
"थांब बे. नव्या मालाला पहिल्याच दिवशी
कानस नाई लावत."

मग दोरी धरली, बोनेटच्या बिजागरीपासून जबड्यापर्यंत.
खोट जाळीत नव्हती. गाडीच डावीकडे आत होती.
पुट्टी खरवडली. पुट्टीखाली शिसं,
शिशाखाली हातोडीचे ठोके, लहान, जवळजवळ,
भाकरीवर बोटं उमटतात तसे,
आणि सगळे उलट्या अंगानं चढलेले.

गड्डीगोदामात डावखुरा डेंटर एकच होता.
शालिकराम. माझे बाबा.

जुनी जाळी भंगारात टाकली होती, ती काढली.
पट्ट्या हातात घेऊन पाहिल्या एकेक.
तीन जड लागल्या. नखानं खरडलं:
क्रोमच्या खाली पिवळं.

खोरशेदबाई संध्याकाळी आल्या,
स्वतःची घडीची खुर्ची, स्वतःचा थर्मास.
पट्ट्या पाहिल्या आणि चष्मा काढून ठेवला.
"काटोल रोड," म्हणाल्या, "सातव्या मैलाचा दगड.
पप्पा मनसरच्या खाणीवर, तीन दिवस.
मी एकोणीसची. लायसन नव्हतं.
आणि बाजूला…"
तिथं थांबल्या. मीही थर्मासच्या झाकणाकडे पाहत राहिले.

"तुझा बाप दोन रात्री जागला.
पट्ट्या लंडनहून यायच्या म्हणजे दोन महिने.
त्यानं विचारलं, बाई, घरात पितळ आहे काय?
मी दिवाणखान्यातली पडद्याची दांडी काढून दिली.
पप्पा आले, गाडीभोवती फिरले, काही बोलले नाहीत.
पडदा सुतळीवर लोंबतो आहे
हे मात्र दारातूनच दिसलं त्यांना."
हसता हसता त्यांना खोकला आला.

बाबा जेवताना सगळं सांगायचे.
कोणाचा मडगार्ड, कोणाची उधारी,
कोणत्या वकिलानं कोणत्या गाईला धडक दिली.
हे नाही सांगितलं. आईलाही नाही.

जॅक लावला असता तर तासाभरात जबडा सरळ.
लावलाही होता. दोनदा दांडा दाबला,
पत्रा कुरकुरला, आणि मी तो सोडला.
गुडघ्यावर पोतं घेतलं, पोत्यावर नवी जाळी,
आणि तिलाच वाकवली दोन सूत.
रजाकनं डोळे मिटून घेतले.
डाव्या कोपऱ्यात क्रोमला केसाएवढी चीर गेली.
ती माझी.
बाबांच्या तीन पट्ट्या आत बसवल्या, पॉलिश न करता.
मग ती बसली. आवाजही केला नाही.

रात्री पेटाऱ्यातून हिशेबाच्या वह्या काढल्या.
एकोणसत्तरची वही वाळवीनं अर्धी नेलेली,
पण ऑक्टोबरचं पान शाबूत, पेन्सिलीनं:
एमजी, जाळी दुरुस्ती. मजुरी चाळीस. जमा.
खाली वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं, तिरपं:
पितळी दांडी, एक नग. देणे.

इतवारीत पितळ अजून वजनावर मिळते.
उद्या सकाळी ऊन चढायच्या आत जाईन.
खिडकीचं माप तेवढं
काहीतरी निमित्त काढून विचारावं लागेल.